फक्त एक धोतर फाडायचं होतं

आमच्या मुलीच्या जन्माआधीच्या शेवटच्या आठवड्यात माझ्याकडे एकच काम होतं. एक जुनं धोतर फाडायचं.

बाकी सगळी कामं माझ्या बायकोनं, मृदुलानं, स्वतःच उरकली होती. हॉस्पिटल तिनं ठरवलं, डॉक्टर तिनं निवडल्या, बॅगही तिनंच भरली. माझ्यावर काही महत्त्वाचं सोपवू नये, हे तिला लग्नानंतरच्या चार वर्षांत कळून चुकलं होतं. (एकदा मी गॅसची शेगडी आणायला गेलो होतो आणि झोपाळा घेऊन आलो होतो. तो अजून बाल्कनीत आहे. त्यावर टॉवेल वाळतात.)

खरं तर बाळंतपण मिरजेला, तिच्या माहेरी व्हायचं होतं. पण सातव्या महिन्यात सासूबाई अंगणात घसरल्या आणि त्यांचा पाय प्लॅस्टरमध्ये गेला. मग ठरलं, चेन्नईतच करायचं. आम्ही पोरूरला राहतो. मी रोज कंपनीच्या बसनं इरुंगाट्टुकोट्टैला जातो आणि तिथल्या एका कारखान्यात गाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्या तपासतो. क्वालिटीमध्ये आहे मी. बिजागरी हातात घेतली की ती चांगली की वाईट, हे मी लगेच सांगतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे मला ते फार महागात पडणार आहे.

तर एका सोमवारी संध्याकाळी सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर त्यांचं कपाळ आणि अर्धा पंखा दिसत होता.

"निखिलराव, ह्यांचं धोतर कुरिअर केलंय. गुरुवारपर्यंत पोचेल. एवढं फाडून ठेवा."

"फाडून?"

"हो. मधोमध. अर्ध्यात बाळाला पहिल्यांदा घ्यायचं, अर्ध्याचे लंगोट करायचे. आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या असंच आहे. नवं कापड लेकराच्या अंगाला टोचतं हो. जुनं, शंभरदा धुतलेलं, मऊसूत लागतं. गालावर घासून बघायचं. आणि एका धोतरानं काही भागायचं नाही, आणखी जुनं सुती कापड जमवा तिकडे."

"तुम्ही काळजीच करू नका, आई!"

"तुम्ही असं म्हणालात की मला घाम फुटतो," सासूबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

'हे' म्हणजे अण्णा, माझे सासरे. शाळेत गणिताचे मास्तर होते. दोन वर्षांपूर्वी गेले. मृदुला त्यांची एकुलती एक आणि अतिशय लाडकी. त्या रात्री जेवताना ती मला म्हणाली, "निखिल, आईला येता येणार नाही. अण्णा तर नाहीतच. निदान बाळाला अण्णांच्या धोतरात घ्यायचं. बाकी मला काही नको." रडत-बिडत नव्हती. अगदी शांतपणे, भातावर सार ओतत म्हणाली. मी मनाशी म्हटलं, निखिल, हे एक काम तू चोख करायचं.

आणि चोख करायचं म्हटल्यावर मी वही काढली. बाळ दिवसाला अंदाजे चौदा लंगोट भिजवणार. बाहेर पावसाळी हवा, एक लंगोट वाळायला दोन दिवस. शिवाय आणीबाणीचा साठा. एका धोतराचे अमुक तुकडे. हिशेब करून मी जाहीर केलं, "सात धोतरं लागतील!"

"आपल्याकडे एकही नाही," मृदुला म्हणाली. "तू ट्रॅकपँट घालतोस. तीही पॉलिस्टरची."

पण आम्ही राहतो कुठे? चेन्नईत! जिथे घरोघरी वेष्टी आहे. वेष्टी म्हणजे आपल्या धोतराची सुटसुटीत बहीण, सरळ कमरेला गुंडाळायची. इथे प्रत्येक कपाटात दोन-चार जुन्या वेष्ट्या निवृत्त होऊन पडलेल्या असणारच. मी फोन घेतला आणि इमारतीच्या आणि कारखान्याच्या, दोन्ही ग्रुपवर संदेश टाकला: 'जुन्या, मऊ, सुती वेष्ट्या हव्या आहेत. स्वच्छ धुतलेल्या. लहान मुलांसाठी. तातडीनं.'

आता 'माझ्या होणाऱ्या बाळाच्या लंगोटांसाठी' असं सरळ लिहायला काय झालं होतं? लाज वाटली! आमच्या ग्रुपवर कारखान्याचे मोठे साहेब आहेत. त्यांच्यासमोर लंगोट हा शब्द कसा काढायचा? म्हणून मोघम लिहिलं, 'लहान मुलांसाठी'. नेमकं त्याच आठवड्यात उत्तर चेन्नईच्या सखल वस्त्यांत पावसाचं पाणी शिरलं होतं. आणि चेन्नईच्या माणसाला पाणी शिरल्यावर कुणी जुने कपडे मागितले, तर तो कारण विचारत बसत नाही. तो कपाट उघडतो.

मंगळवारी संध्याकाळी घरी आलो तर दारात अकरा पिशव्या. बुधवारी दार उघडेना, कारण आतून पिशव्या लागत होत्या. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी लग्नातली रेशमी काठाची वेष्टी आणून दिली आणि डोळ्यांत पाणी आणून माझा हात दाबला. वेष्ट्यांबरोबर साड्या आल्या, चादरी आल्या, एक स्वेटर आला. (चेन्नईत स्वेटर! तो माणूस त्याच्या मुक्तीची कित्येक वर्षं वाट बघत असणार.) कारखान्यातल्या बसची शेवटची रांग माझ्या गाठोड्यांसाठी राखीव झाली. गेटवरचा सुरक्षारक्षक, जो चार वर्षं रोज माझं ओळखपत्र उलटंपालटं करून बघायचा, त्यानं मला चक्क सलाम ठोकला.

"तू त्यांना खरं सांगत का नाहीस?" मृदुलानं विचारलं. ती दिवाणावर पाय वर घेऊन बसली होती. आमच्या घरात बसायला तेवढीच जागा उरली होती.

"सांगतो ना. उद्या."

त्या 'उद्या' कारखान्याच्या सूचनाफलकावर माझा फोटो लागला होता. खाली लिहिलं होतं: 'पूरग्रस्तांसाठी आपल्या निखिलची हाक!' मोठ्या साहेबांनी ट्रक मंजूर केला होता. आता तुम्हीच सांगा, ट्रक मंजूर झाल्यावर कोण कुणाला लंगोट समजावून सांगणार?

ह्या सगळ्या रामरगाड्यात आमच्या घरमालकीणबाई होत्या म्हणून घर चाललं. सरोजाबाई खालच्याच मजल्यावर राहतात. सत्तरीच्या, मूळच्या तंजावरच्या. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपासून तिथलं मराठी. त्यांची मराठी ऐकायला जुन्या कागदपत्रांतल्यासारखी आणि चाल सगळी तमिळ. पहिल्या भेटीत त्या मला म्हणाल्या होत्या, "जेवण जालें कां, पा?" 'पा' म्हणजे आपलं 'बाबा रे'. मी दोन मिनिटं भारावून उभाच राहिलो होतो. आम्ही दोघं त्यांना अक्का म्हणतो. अक्कांनी आल्या दिवसापासून मृदुलाचा ताबा घेतला होता आणि माझं निरीक्षण चालवलं होतं.

गुरुवारी ऊन पडलं. अक्कांनी सगळं कापड गरम पाण्यातून काढून गच्चीवर वाळत घातलं. संध्याकाळी मी बसमधून उतरलो तेव्हा त्या फाटकाशीच उभ्या होत्या. मी फोनवर ट्रकवाल्याशी बोलत होतो. त्या काहीतरी म्हणाल्या. मी मान डोलावली. त्या आणखी काहीतरी म्हणाल्या. मी अंगठा दाखवला. त्या काय म्हणाल्या ते मला शनिवारी कळलं. त्या म्हणाल्या होत्या, "मिरजेहून कुरिअर आलें. उघडून धुतलें. वर वाळतें आहे, तेवढें निराळें ठेव."

शुक्रवारी सकाळी ट्रक येणार, म्हणून मी भल्या पहाटे उठून गच्चीवरचं सगळं कापड खाली आणलं आणि दिवाणखान्यात तपासणीला बसलो. पद्धत साधी होती. जे कापड विरलंय, फाटलंय, त्याचे आपण नाहीतरी तुकडेच करणार. ते बाळाला. जे धडधाकट आहे ते पूरग्रस्तांना, कारण लोकांना फाटकं द्यायचं नाही. (माझी ही कल्पना मला इतकी न्याय्य वाटली की मी स्वतःशीच दोनदा मान हलवली.) एकेक कापड उजेडात धरायचं, ताणून बघायचं, काठ तपासायचे आणि त्या त्या ढिगात टाकायचं. दोनशे नग मी तासाभरात काढले.

त्यातच एक भलतंच सुरेख कापड हाताला लागलं. लांबलचक, पांढरंशुभ्र, बारीक निळा काठ, कुठे भोक नाही की डाग नाही. एका कोपऱ्यात लाल दोऱ्यानं अधिकचं चिन्ह भरलेलं. धोब्याची खूण असणार, मी म्हटलं. इतकं जपलेलं कापड फाडायचं म्हणजे पाप! मी ते उजेडात धरलं, ताणलं, खूश झालो आणि ट्रकच्या ढिगात, सगळ्यात वर ठेवलं. ए ग्रेड!

कारखान्याच्या आवारात ट्रकला हार घातला. मलाही घातला. साहेबांनी पाठ थोपटली आणि म्हणाले, "निखिल, दोन शब्द बोल."

समोर तीनशे माणसं. माझ्या मनात तर गेले पाच दिवस एकच विषय. मी माइक हातात घेतला आणि मनापासून म्हणालो, "कुठलंही मूल ओलं राहू नये, एवढीच माझी इच्छा आहे."

टाळ्यांचा कडकडाट! पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे पुसले. मी आयुष्यात इतकं खरं कधी बोललो नव्हतो. आमच्या लाइनचा सुपरवायझर मुरुगन ट्रकमध्ये चढला आणि ट्रक एन्नोरकडे निघाला. एन्नोर म्हणजे शहराच्या पार उत्तर टोकाला, बंदराजवळ, आमच्या कारखान्यापासून शहराच्या अगदी दुसऱ्या टोकाला. मुरुगनची सासुरवाडी तिथल्या कोळीवस्तीत, त्यामुळे वाटपाचं काम त्याच्याकडे होतं.

शनिवारी दुपारी मी विजयी मुद्रेनं उसळ खात होतो. मृदुला म्हणाली, "अण्णांचं धोतर फाडलंस का रे?"

"आलं कुठे अजून?"

"परवाच आलं. अक्कांनी धुऊन वाळत घातलं. तुला सांगितलं म्हणाल्या. मी बघायला वर जाणार होते, पण मला आता जिने चढवत नाहीत. छान वाळलंय ना? निळा काठ आहे बघ. अण्णांनी स्वतः कोपऱ्यात लाल दोऱ्यानं अधिकचं चिन्ह केलंय. लाँड्रीत बदलू नये म्हणून. गणिताचे मास्तर ना!"

घास घशात अडकला. मटकीच्या उसळीनं मरण येऊ शकतं हे मला त्या क्षणी समजलं.

"फाडलंस का?"

"प्रक्रिया चालू आहे," मी म्हणालो.

मृदुलानं माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "बरं," ती म्हणाली.

मी खाली अक्कांकडे धावलो. सगळं ऐकून त्या खुर्चीत बसल्या. "मुट्टाळ!" त्या म्हणाल्या. ह्या तमिळ शब्दाचा अर्थ सांगायची गरज नाही, माझ्याकडे बघून कुणालाही कळला असता. "त्या पोरीचा बाप गेला, पा. ती एवढें एकच मागतें. आणि तूं तें ट्रकांत घातलेंस?"

"अक्का, तुम्ही सांगितलंत तेव्हा मी फोनवर..."

"जा आणि घेऊन ये. मी हिच्याजवळ बसतें."

मुरुगनला फोन लावला. त्याची आणि माझी भाषा म्हणजे माझी तमिळ, त्याची हिंदी आणि दोघांची इंग्रजी, असा तिघांचा संसार. पण त्याला लगेच आठवलं. "निळा काठ? सर, ते एका पाट्टीनं घेतलं." पाट्टी म्हणजे आजी. "तिच्या सुनेला नुकताच मुलगा झालाय. पाट्टीनं वीस कापडं नाकारली. प्रत्येक गालाला लावून बघत होती. शेवटी हेच घेतलं."

म्हणजे बघा! सासूबाईंनी मला सांगितलेली चाचणी मी केलीच नव्हती. ती एन्नोरच्या आजीनं केली होती. दोनशे नगांमधून बरोब्बर तेच धोतर काढलं होतं. क्वालिटीत खरं तर तिनं असायला हवं होतं.

रविवारी सकाळी मी मृदुलाला म्हटलं, "कारखान्यात ऑडिट आहे. जाऊन येतो."

"रविवारी?"

"अचानक आलंय."

"बरं," ती पुन्हा म्हणाली. तिचा हात कमरेवर होता. मी विचारलं, काही होतंय का? म्हणाली, नेहमीचंच आहे, जा तू. डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला अजून बारा दिवस होते. मी गेलो.

मुरुगनच्या मोटारसायकलवर मागे बसून मी अख्खं चेन्नई ओलांडलं. मनात भाषणाची तयारी चालली होती. दिलेली वस्तू परत मागायची कशी? तीही पूर आलेल्या घराकडून? फोटो आणि हार घेतल्यानंतर? शेवटी ठरवलं की बदल्यात नवीकोरी वेष्टी द्यायची, आणि वाटेत थांबून दोन विकत घेतल्या. (कडक इस्त्रीच्या. घडी उलगडताना पापडासारख्या वाजणाऱ्या.)

वस्तीत पाणी ओसरलं होतं, पण भिंतींवर गुडघ्याच्या उंचीपर्यंत ओलीची रेघ होती. पाट्टीचं घर एका खोलीचं. दारात जाळं वाळत होतं. पाट्टी पायरीवर बसली होती, अंगानं काटकुळी, पण नजर अशी की मी आपोआप चपला सरळ काढून ठेवल्या. आणि आत, छताच्या वाशाला, अण्णांचं धोतर टांगलेलं होतं! त्याची झोळी केली होती. इथे तिला तूळी म्हणतात. झोळी मंद हलत होती, आणि कडेनं नखाएवढा एक पाय बाहेर आला होता. बरोबर त्या पायाच्या वर लाल दोऱ्याचं अधिक.

मी काय सांगू! सगळं भाषण विसरलो. त्या पायाकडे बघत राहिलो. अण्णांच्या धोतरात एक बाळ निवांत झोपलं होतं, आणि मी त्याला उठवून धोतर मागायला आलो होतो.

"मुरुगन, चल," मी म्हटलं. "काही सांगू नकोस. म्हणावं, तपासणीला आलो होतो."

"तपासणी?" मुरुगन म्हणाला, आणि पाट्टीकडे वळून त्यानं तमिळमध्ये सगळं सांगून टाकलं. सासरे, मिरज, कुरिअर, ए ग्रेड, काही म्हणजे काही ठेवलं नाही! मला अधूनमधून शब्द कळत होते. 'ह्याचं लग्न कसं झालं' एवढं पाट्टीचं वाक्य मात्र पूर्ण कळलं.

मी घाईघाईनं नव्या वेष्ट्या पुढे केल्या. पाट्टीनं एक हातात घेतली, गालाला लावली आणि मला परत दिली. मग उठून आत गेली, झोळीतून बाळ उचललं आणि थेट माझ्या हातांत ठेवलं.

मी उभ्या आयुष्यात तान्हं मूल हातात घेतलं नव्हतं. कोपर कुठे, मान कुठे, श्वास कधी घ्यायचा, काही कळेना. नऊ-दहा दिवसांचा तो गृहस्थ डोळे किलकिले करून माझ्याकडे बघत होता. तिकडे पाट्टीनं झोळीची गाठ सोडली, धोतर पसरलं, बरोबर मधोमध दुमडलं, काठाला दात लावला आणि चर्रकन् टरकावलं!

"आई गं!" मी ओरडलो.

"तुझ्या घरी काय, फाडणारच होते ना?" असं काहीतरी पाट्टी म्हणाली. मुरुगननं पुढचं सांगितलं: "म्हणतात, झोळी साडीचीही होते. पण अंगाखाली घालायला एवढं मऊ दुसरं मिळणार नाही, म्हणून अर्धं ह्याला. अर्धं तुमच्या बाळाला. खूण असलेलं तुम्ही घ्या, तुमच्या माणसाची आहे."

माझे डोळे भरून आले. तेवढ्यात माझ्या शर्टावर काहीतरी ऊबदार पसरलं. गृहस्थांनी आपलं काम केलं होतं. पाट्टी खदखदून हसली आणि त्याच वेळी माझ्या खिशातला फोन वाजायला लागला. दोन्ही हातांत मूल! मुरुगननं फोन काढून माझ्या कानाला लावला.

"ऑडिट कसं चाललंय?" मृदुलाचा आवाज.

"छान. म्हणजे... मृदुला, खरं सांगायचं तर..."

"एन्नोरला आहेस, माहीत आहे. अक्कांनी कालच सांगितलं. धोतर मिळालं का?"

"अर्धं."

"चालेल. आता थेट हॉस्पिटललाच ये. कळा सुरू झाल्यात. सकाळपासूनच होत्या, पण तू ऑडिटला निघाला होतास, म्हणून म्हटलं कशाला मोडता घालू?"

पुढचा दीड तास मला नीट आठवत नाही. मुरुगन सिग्नलला थांबला की मी मागून "पो! पो!" म्हणजे "जा! जा!" असं ओरडायचो. शेजारच्या गाड्याच पुढे जायच्या. पाट्टीनं निघताना मुरुगनच्या बायकोसाठी सुक्या मासळीचं पुडकं दिलं होतं. घाईत ते आणि धोतर एकाच पिशवीत गेलं. हे मला हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये कळलं, जेव्हा आमच्याबरोबरची चारही माणसं पहिल्याच मजल्यावर उतरली.

अक्का वर मृदुलाच्या खोलीच्या दारातच उभ्या होत्या. पिशवी उघडली, वास घेतला, माझ्या ओल्या शर्टाकडे पाहिलं आणि धोतर घेऊन खाली जाऊन रिक्षात बसल्या. घरी जाऊन त्यांनी ते तीनदा उकळत्या पाण्यातून काढलं, इस्त्रीनं वाळवलं आणि अडीच तासांत परत हजर. पहिलटकरीण असल्यामुळे वेळ होता. तेवढा वेळ मी मृदुलाजवळ बसलो. ती माझा हात इतका घट्ट धरत होती की माइक धरलेला उजवा हात मला पुढे दोन दिवस उघडता आला नाही. मधेच एक कळ ओसरल्यावर तिनं विचारलं, "उरलेलं अर्धं कुणाकडे आहे?"

मी सांगितलं. पाट्टी, झोळी, नखाएवढा पाय, सगळं. वाटलं आता ही रडणार. तिच्या डोळ्यांत पाणी आलंही. पण ती हसायला लागली. "अण्णांनी तरी काय केलं असतं? वर्गात कुणी डबा विसरला की स्वतःच्या पोळीचा तुकडा मोडायचे. बरं झालं, निखिल. खरंच बरं झालं." आणि मग पुढची कळ आली आणि तिनं मला मराठीतले काही शब्द ऐकवले, जे तिला मास्तरांच्या घरात कुठे शिकायला मिळाले कोण जाणे.

संध्याकाळी सहाला मुलगी झाली. सिस्टर म्हणाल्या, बाहेरचं कापड चालणार नाही. अक्का पुढे सरसावल्या. तमिळमध्ये त्या काय म्हणाल्या ते मी विचारलं नाही, पण दोन मिनिटांत तह झाला: आत हॉस्पिटलचं कापड, वरून आमचं. आणि आमची मुलगी अण्णांच्या धोतरात, खांद्यावर लाल अधिक मिरवत, माझ्या हातात आली. तीनदा उकळूनही एक अगदी पुसट वास येत होताच. मृदुलानं तो हुंगला. "अण्णा जन्मात कधी मासळीच्या वाऱ्यालाही उभे राहिले नाहीत," ती म्हणाली, आणि टाके असताना हसू नये असं सिस्टरांनी तिला दोनदा बजावलं. मी मुलीला अगदी सफाईनं धरलं होतं. मान, कोपर, सगळं जागच्या जागी. सकाळीच तालीम झाली होती.

सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावला. ह्या वेळी पडद्यावर त्यांचा पूर्ण चेहरा होता. बराच वेळ त्या नातीकडे आणि त्या लाल खुणेकडे बघत राहिल्या. मग पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "निखिलराव, धोतर छान सरळ फाडलंय हो. तुम्ही फाडलंत?"

मी मृदुलाकडे पाहिलं. मृदुलानं छताकडे पाहिलं.

"नाही, आई," मी म्हटलं. "एन्नोरच्या एका आजींनी. दातांनी."

सासूबाई हळूच म्हणाल्या, "बाराव्या दिवशी बारसं. पाळणा टांगायचं काम तुम्हाला सांगणार होते. त्यापेक्षा त्या आजींचा नंबर आहे का?"